पहिली चप्पल

४ डिसेंबर, बुधवार

आज तालमीच्या मीटिंगमध्ये चारचौघांत माझी शोभा झाली. आमच्या तालमीत हल्ली कुस्त्या कमी आणि मीटिंगा जास्त. अध्यक्ष आकारामआण्णांनी मागच्या वर्षीच्या माझ्या नाटकाचा विषय काढला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून शेवटी मांडव घालणाऱ्या माणसांना पुढच्या रांगेत आणून बसवलं होतं, आणि त्यातले दोघं घोरायला लागले होते. आण्णांनी ते घोरण्यासकट करून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले. न हसून करते काय.

मग म्हणाले, वरचा हॉल तुझ्या नाटकाच्या पोरांनी अडवून ठेवलाय, तिथं आता व्यायामाच्या मशिनी आणायच्या. आमचं युवा नाट्य पथक म्हणजे पेठेतली कॉलेजची पोरं-पोरी आणि मी. हॉल गेला की पथक गेलं. दिवसभर पतसंस्थेत खिडकीमागं बसून पासबुकं भरणाऱ्या बाईला तेवढं एकच ठिकाण आहे, जिथं तिनं "थांब" म्हटलं की कुणीतरी थांबतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, यंदा 'दिवटी दरवाजा' करतो. गाण्यांसकट."

आण्णांनी मांडीवर थाप मारली.

"हॉल भरला तर तुझा. न्हाय भरला तर मशिनी."

घरी सयाजीला सांगितलं. नवरा कागलच्या कारखान्यात, पाळीपाळीनं कामाला, त्यामुळं आमचं बोलणं बहुतेक ताटावरच होतं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, त्या सिनेमाला हात लावू नको, बाकी काय पण कर. आता लावला की.

८ डिसेंबर, रविवार

निशिगंधा शाहूवाडीकडची, कॉलेजसाठी इथं खोली घेऊन राहते. नायिका रत्ना ती करणार. तिनं 'दिवटी दरवाजा' पाहिलेलाच नाही म्हटल्यावर बाकीची पोरं तिच्याकडे अशी बघायला लागली की जणू तिनं तांबडा रस्सा चाखलेला नाही. मग तिला बसवून सगळं सांगितलं.

साठेक वर्षांपूर्वी इथल्याच स्टुडिओत झालेला सिनेमा. किल्ल्याच्या दरवाज्यावर दिवटी सांभाळणारी रत्ना. बाहेर शत्रूचा वेढा. भिवा नावाचा पहारेकरी फितूर होतो, रात्री दरवाज्याचा अडसर काढतो, आणि किल्ला पडतो. रत्ना जळती दिवटी घेऊन दारात उभी राहते आणि तिथंच मरते. लढाईच्या गर्दीत पेठेतल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी भाला धरून उभा आहे. माझे आजोबा डावीकडून तिसरे. त्यांचं तोंड दिसत नाही, भाल्याचं टोक दिसतं, पण तेवढ्यावर आमच्या घराण्यानं आजवर मान मिळवलाय.

तोंड आणि बोलणं पेठेतल्या एकाच माणसाच्या वाट्याला आलं. गिरणीवाल्या केरबाच्या. भिवा करणारा बाहेरगावचा नट आजारी पडला म्हणून ऐनवेळी केरबाला उभं केलं, आणि त्यानं तो अडसर असा काढला की पेठेनं त्याला पुन्हा केरबा म्हटलंच नाही. फितूर म्हटलं. त्याचा मुलगा ज्ञानूमामा, तोही फितूर. त्यांची पिठाची गिरणी म्हणजे फितुराची गिरणी. कुरियरवालासुद्धा तेच विचारत येतो. त्यात कुणाच्या मनात वाकडं नसतं. कोल्हापुरात टोपणनाव नसलेलं घर दाखवा.

गणपतीत एका संध्याकाळी तालमीसमोर हा सिनेमा लावतात. भिवानं अडसराला हात घातला की सगळी पेठ पडद्यावर चपला फेकते. जुनी चप्पल त्यासाठी जपून ठेवतात. लहानपणी मला दिवाळीपेक्षा ती संध्याकाळ आवडायची.

निशिगंधानं विचारलं, "आणि ते गिरणीवाले? ते बी फेकतात?"

म्हटलं, त्यांना सिनेमाची आवड नाही. त्या दिवशी गिरणी बंद करून पाहुण्यांकडे जातात. कामाला हुशार आहे, पण जरा जास्त विचार करते.

१५ डिसेंबर, रविवार

भिवा ठरला. ज्ञानूमामांचा आदर्श. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सुटल्यावर बापाबरोबर गिरणीत उभा असतो. आला होता शाहिराचं काम मागायला. म्हणूनही दाखवलं. असा आवाज लागला की हलगीवाला हलगी वाजवायचा विसरला. पण मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याच्या आजोबांचं तोंड दिसत होतं. तेच कपाळ, तीच खाली बघायची सवय. म्हटलं, तू भिवा कर.

तो म्हणाला, "ताई, दुसरं कायबी द्या. भाला धरून उभा ऱ्हातो."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाव आदर्श आणि घराणं फितूर, असा माणूस मी भाल्याला वाया घालवू?" हॉलमध्ये हशा झाला. तोही हसला. मग खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला, फार वेळ. आता लिहिताना आठवतंय, नाडी सुटलेली नव्हती.

पोरं गेल्यावर परत आला. विचारलं, भिवानं दार का उघडलं? मी म्हटलं, सिनेमात नाही ते. तो म्हणाला, होतं. आजोबा सांगायचे. भिवाचं लेकरू शत्रूच्या हाती लागलेलं असतं, दाराबाहेरून त्याचं रडणं ऐकू येतं, असा प्रसंग काढला होता. केरबांनी त्यात जीव ओतला होता. पण सिनेमा लांबला म्हणून तेवढंच कापलं.

"एक कडवं घालू द्या, ताई. दार उघडायच्या आधी. मग करतो भिवा."

मी हो म्हटलं. प्रसंग चांगला आहे म्हणून, की पोरगं हातचं जाऊ नये म्हणून, हे मलाच नीट सांगता येणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

कडवं त्यानं स्वतःच लिहून आणलं, चालही स्वतःचीच.

अडसर नव्हं रे, हात माझा तुटतो,
दाराच्या पल्याड माझा जीव रडतो.

निशिगंधा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं हसतेय. रडत होती.

येताना ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. ज्ञानूमामा माणूस अबोल, त्यातून गिरणीचा आवाज, त्यामुळं त्यांच्याशी सगळी पेठ खुणांनीच बोलते. आज त्यांनी मला बाजूला बोलावलं. भुवयांवर पीठ बसलेलं.

"ते आमच्या आबांच्या परसंगाचं कडवं घालनार हाईसा, खरं काय?"

म्हटलं, खरं.

"न्हाय, पोरगं सांगत हुतं. म्हटलं इचारावं." मग हातावरचं पीठ झटकून म्हणाले, "मी तो शिनेमा मानसांत बसून कधी बघितला न्हाय. ह्या वेळी येतो. हिला बी आनतो."

मी म्हटलं, मामा, पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवते, माझा शब्द आहे. त्यांनी माझं पीठ दोनदा चाळून दिलं.

५ जानेवारी, रविवार

कुणीही पास नेत नाही. पेठेत ज्याला भेटावं तो म्हणतो, व्वा व्वा, करा करा, आणि पुढं जातो. आण्णा रोज जिन्यावर भेटतात आणि वर हॉलकडे बघून मशिनी कुठं मांडायच्या ते बोटानं दाखवतात. मागच्या वर्षीच्या रिकाम्या खुर्च्या मला आता स्वप्नातही दिसतात.

म्हणून आज फ्लेक्स लावला. चौकात, मोठा. डावीकडे सिनेमातला केरबा, उजवीकडे आदर्श. खाली मजकूर: 'तिसरी पिढी, तोच फितूर! पायातली चप्पल तयार ठेवा!'

मजकूर मी लिहिला. पोरांना सांगितलं आण्णांनी दिला. आण्णांना सांगितलं पोरांना सुचला. खोटं बोलायची गरज का पडली, याचा विचार करायला लागले आणि मग लाजेनं सोडून दिला.

९ जानेवारी, गुरुवार

पास संपले. पतसंस्थेत लोक खिडकीतून पासबुकाऐवजी हात आत घालून पास मागतात. साहेबांनी स्वतः चार मागून घेतले. आज मला सगळे "क्रांतीताई" म्हणाले, एरवी "ओ मॅडम" असतं. किती बरं वाटलं ते इथं लिहून ठेवते, नंतर खोटं बोलायला नको.

आदर्श मात्र चौकातून न येता मंडईकडून वळसा घालून येताना दिसला. विचारलं तर म्हणाला, चालणं चांगलं असतं. म्हटलं, तेही खरं.

१९ जानेवारी, रविवार

आज तालमीच्या थोरल्या मंडळींसमोर सगळं नाटक सलग केलं. निशिगंधा "मी चुकलो की हो ताई" म्हणत दोनदा थांबली, पण रत्ना उभी राहिली. आणि मग भिवाचं कडवं. आदर्शनं ते खाली बघून म्हटलं. शेवटच्या ओळीला आवाज जवळजवळ नव्हताच. अडसर काढला तेव्हा कुणी हललं नाही. एक म्हातारे चष्मा पुसत होते. कुणाचा हात पायाकडे गेला नाही.

मला वाटलं नाटक पडलं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, काहीच नाही.

आण्णांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, पोराचा गळा चांगलाय, ना न्हाय. "पर लोक चपला घिऊन येनार, पोरी. आनि तू त्यास्नी भिवाची कीव करायला लावनार? फितुराची कीव? ते कडवं काढ. न्हायतर माझ्या तालमीत हे नाटक नगं."

मी म्हटलं, बघतो. खरं म्हणजे त्याच क्षणी माझं ठरलं होतं. मला पटलं म्हणून नाही. ती शांतता मला सोसली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी सांगायला गेले आणि वेगळंच काहीतरी बोलून आले. बुधवारी तेच. आज पोरं निघाली तेव्हा आदर्शला थांबवलं आणि दुसरीकडं बघत म्हटलं, नाटक लांबतंय, कडवं काढू या.

तो शांतपणे म्हणाला, "तवाबी असंच म्हनालते."

मला कळेना काय म्हणतोय. घरी येऊन कळलं, केरबांचा प्रसंग कापला तेव्हा.

मी म्हटलं, पुढच्या प्रयोगाला परत घालू. तो म्हणाला, बरं. भांडला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तरं तयार ठेवली होती. मग म्हणाला, "बाबास्नी तुमी सांगा, ताई. माझ्यानं व्हनार न्हाय." म्हटलं, सांगते, उद्याच जाते.

२५ जानेवारी, शनिवार

गिरणीत दळणाला सयाजीला पाठवलं, कडव्याचं त्याला काही न सांगता. मला वेळ नव्हता.

वेळ होता.

२६ जानेवारी, रविवार

हॉल भरला. खिडक्यांत माणसं बसली. आज एवढंच लिहिते.

२७ जानेवारी, सोमवार

पतसंस्थेत रजा टाकली. सयाजी कामावर गेला आहे. दाराला कडी लावून बसले आहे आणि सगळं जसं झालं तसं लिहिते.

ज्ञानूमामा सगळ्यांच्या आधी आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, मी एकदाही पाहिले नव्हते इतके स्वच्छ दिसत होते. मामींनी लग्नातली म्हणावी तशी जरीची साडी नेसली होती. येणारा प्रत्येक जण त्यांना म्हणत होता, "या, फितूरराव, आज तुमचाच दिवस." ते हात जोडत होते. मला विंगेत बघितलं आणि मान हलवून हसले. मी पडदा ओढणाऱ्या पोराला काहीतरी सांगायचं निमित्त केलं.

नाटक रंगलं. गाण्यांना लोक बरोबर गात होते, रत्नाच्या वाक्यांना तिच्या आधीच बोलत होते. मग दरवाज्याचा प्रवेश आला. भिवा पुढं झाला. जिथं कडवं होतं तिथून पेटीवाला सरळ पुढच्या सुरावर गेला. ज्ञानूमामांनी पटकन पेटीवाल्याकडे बघितलं. त्यांना वाटलं तो चुकला. ते खुर्चीवर जरा पुढं सरकले, आता थांबून परत घेईल म्हणून.

आदर्शनं अडसराला हात घातला.

आणि कुणीही चप्पल मारली नाही.

लोकांनी हातात घेतल्या होत्या. मला विंगेतून दिसत होतं. माझ्या साहेबांच्या हातात होती, आण्णांच्या हातात होती. पण पडद्यावरच्या भिवाला मारणं वेगळं. समोर उभा होता तो रोज संध्याकाळी त्यांच्या डब्यात पीठ भरून देणारा पोरगा. हात वर होऊन तसेच राहिले होते. हॉलमध्ये त्या दिवशीसारखी शांतता झाली.

मला त्या वेळी फक्त रिकाम्या खुर्च्या दिसल्या. हॉल गच्च भरलेला असताना. मला वाटलं, पुन्हा पडलं, पुन्हा आण्णा मीटिंगमध्ये घोरून दाखवणार. मी वाकले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि विंगेतून मारली.

त्याच्या खांद्याला लागली. त्यानं वळून बघितलं नाही.

मग सगळ्यांनी मारल्या. शिट्ट्या, हशा, "अरे मार की!" अशा आरोळ्या, पोरं खुर्च्यांवर चढली. कुणाचीतरी जाड चामड्याची त्याच्या भुवईवर बसली आणि रक्त आलं. लोकांना तो रंग वाटला, आणखी टाळ्या पडल्या. तो जागचा हलला नाही. पेटी पुढं निघून गेली होती, पण त्याचे ओठ हलत होते. विंगेत मी सगळ्यांत जवळ होते. तो कडवं म्हणत होता. ऐकू कुणालाच जात नव्हतं. ते पूर्ण झालं तेव्हा त्यानं अडसर काढला.

रत्ना मेली, पडदा पडला, वन्स मोअर झाला. आण्णांनी मला स्टेजवर बोलावून फेटा बांधला. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि डोक्यावर फेटा. फोटो निघाले.

लोक उठायला लागले तेव्हा ज्ञानूमामा स्टेजवर चढले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावं असंही वाटलं. ते खाली बसले आणि चपला गोळा करायला लागले. एकेक उचलायची, तळव्यानं झटकायची, स्टेजच्या कडेला ओळीत लावायची. मग ओळीमागं बसून राहिले. घरी तर सगळ्यांना जायचं होतं. एकेक जण एका पायावर लंगडत पुढं यायला लागला.

"ही तुमची काय? घ्या. अंधारात काटाबिटा लागंल."

प्रत्येकाला असंच. रागानं नाही, दळण देताना बोलतात तसं. हॉल मघाशी केवढा गाजत होता, आता नुसते पाय वाजत होते. आमचे साहेब चप्पल घेताना "बरं का ज्ञानोबा" एवढंच म्हणाले आणि ती पायात सारून निघाले. आण्णांनी त्यांची चप्पल न्यायला पोराला पाठवलं. मामांनी त्याच्याकडे दिली नाही. म्हणाले, "ज्याची त्यानं यावं." आण्णांना यावं लागलं.

शेवटी एक राहिली. बायकांची, तपकिरी, अंगठ्याशी दोऱ्यानं शिवलेली. ती त्यांनी हातात धरून विचारलं, "ही कुनाची ऱ्हायली?"

मी विंगेत होते. दोन पावलांवर. आदर्श माझ्या शेजारी भुवईला रुमाल धरून बसला होता. मी फेट्याचं टोक सारखं करत राहिले. मामांनी चप्पल कागदात गुंडाळली, पोराला उठवलं, मामींना घेतलं आणि गेले.

मी घरी अनवाणी आले. दुसरी वाटेत गटारात टाकली.

२८ जानेवारी, मंगळवार

सयाजीनं विचारलं, चप्पल कुठाय. म्हटलं, तुटली. तो म्हणाला, मी काही फेकली नाही. का, विचारलं, तर म्हणे नवी होती. आणि मग ताटाकडे बघत म्हणाला, "पयली कुनी मारली ते दिसलं न्हाय. ज्यानं मारली त्यानं वाईट केलं. त्यानं मारली नसती तर कुनीच मारली नसती."

मी त्याला आमटी वाढली.

२९ जानेवारी, बुधवार

आण्णांनी बोलावून हॉलची किल्ली दिली. कायमची. मशिनींचं नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग, लोकांची मागणी आहे. मग जरा इकडं-तिकडं बघून म्हणाले, ते कडवं घाल पाहिजे तर.

संध्याकाळी आदर्श कॉलेजच्या फाटकाशी भेटला. भुवईला टाके. म्हटलं, कडवं परत घालू या, आण्णांनी पण हो म्हटलंय. तो सायकलच्या हँडलवरचं पीठ नखानं काढत राहिला.

"आता नगं, ताई. बाबांनी ऐकायचं हुतं ते."

काम मात्र करीन म्हणाला. शब्द दिलाय म्हणाला. माझाही एक शब्द होता, गिरणीत मामांना दिलेला.

३१ जानेवारी, शुक्रवार

चप्पल गिरणीच्या खिडकीत आहे. कागदातून काढून, पुसून ठेवली आहे. पेठेतल्या बाया दळणाला गेल्या की बघतात आणि कुणाची कुणाची म्हणून एकमेकींना विचारतात. मी दोन दिवस लांबच्या वाटेनं, मंडईकडून जाते. आज त्या वाटेवर समोरून आदर्श आला.

घरातलं पीठ संपलं. दुकानातनं पिशवीतलं तयार पीठ आणलं. सयाजीनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. कोल्हापुरात राहून पिशवीतलं पीठ खाणारी माणसं काय असतील ते असोत, आपण ती नाही, असं त्याचं मत होतं. आज त्यानं ती भाकरी संपवली.

१ फेब्रुवारी, शनिवार

ज्वारीचा डबा घेतला आणि चौकातून गेले. फ्लेक्स अजून आहे. केरबा आणि आदर्श, आणि खाली माझा मजकूर. त्याच्याखालून गेले.

गिरणीत गर्दी होती. शनिवार म्हणजे सगळ्या नोकरीवाल्या बाया आजच येतात. आदर्श वरून धान्य ओतत होता. मामा पिठाच्या तोंडाशी, बोटांनी पीठ तपासत. खिडकीत चप्पल. मी डबा रांगेत ठेवला. नंबर येईपर्यंत थांबले असते तर धीर गेला असता, म्हणून तशीच पुढं गेले आणि म्हणाले, "मामा, ती चप्पल माझी."

पट्ट्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी खुणेनं विचारलं, काय? मी पुन्हा म्हणाले. त्यांनी कानाशी हात नेला. मला वाटलं, झालं, मी दोनदा सांगितलंय, आता परत फिरायला हरकत नाही.

तर त्यांनी वाकून बटण बंद केलं.

पट्टा हळूहळू थांबला. गिरणी बंद झाल्यावर इतकं शांत होतं हे मला माहीतच नव्हतं. रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. वर आदर्शच्या हातात पाटी तशीच राहिली.

"काय म्हनलीस, क्रांते?"

"ती चप्पल माझी आहे, मामा." एवढं बोलले होते तर उरलेलंही बोलले. "कुणी मारत नव्हतं. मी मारली. आणि कडवं पण मीच काढलं. फ्लेक्सवरचं पण मीच लिहिलं."

मागं कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या. मी मामांच्या भुवयांवरच्या पिठाकडे बघत होते. डोळ्यांकडे बघायची ताकद नव्हती.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पयली तीच आलती. बापाला दिसतं."

खिडकीतली चप्पल काढून त्यांनी माझ्या पायाशी ठेवली, वाकून, सरळ करून, पायात घालता येईल अशी. मी घातली. दुसऱ्या पायात माझी घरातली रबरी होती. सगळ्या बाया बघत होत्या.

"डबा हितंच ठेव," मामा म्हणाले. "नंबरानं हुईल."

मग त्यांनी बटण दाबलं आणि गिरणी सुरू झाली. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. तीन बायांनंतर माझा नंबर आला. मामांनी माझं पीठ एकदाच चाळलं.